बोटांना जागा

आईने हातमोजा उलटा करून आतली शिवण बघितली आणि तो टोपलीत फेकला. दुकानदाराने तो उचलून सरळ केला आणि, बाईंना ऐकू येत नाही हे दारातच सांगितलेलं असूनही, तिच्या कानाशी वाकून ओरडला,

“आजी, हे घ्या! एकदम गरम!”

तो ओरडला हे आईला त्याच्या गळ्याच्या ताणलेल्या शिरांवरून कळलं. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या माणसाशी लोक आणखी मोठ्याने का बोलतात, हे कोडं तिला सत्तरी आली तरी सुटलेलं नव्हतं. तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं की बिचारा दोन पावलं मागे सरला. खरं तर त्याच्यावर तिचा राग नव्हताच. वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं, एवढंच.

राग होता तो काउंटरपाशी उभ्या असलेल्या पोटच्या दोन पोरांवर. थोरली आणि धाकटा एकमेकांकडे तोंड करून बोलत होते, आणि आई मध्ये ठेवलेल्या सामानासारखी उभी होती. धाकटा उद्या तिला त्याच्या शहरात कायमचं घेऊन जाणार होता. तिकडे म्हणे हिवाळ्यात नळातलं पाणी गोठतं, म्हणून ही मोज्यांची खरेदी. दोघांनी फोनवर परस्पर सगळं ठरवून टाकलं होतं. आईला कळलं ते माळ्यावरची मोठी बॅग खाली आली तेव्हा.

धाकट्याला हातांची भाषा कधी आलीच नाही असं नव्हतं. शाळेतली पोरं हसतात म्हणून त्याने ती सोडली, आणि आता त्याच्या हातांत तीनच शब्द उरले होते: जेवण, झोप, औषध. त्याची बायको तर हसण्यापलीकडे गेलीच नव्हती.

थोरलीचं तसं नव्हतं. ती तोंडाने बोलण्याआधी हातांनी बोलली. बाप गेल्यावर घरात आईशी बोलणारी ती एकटीच उरली, पण एकटी दहाजणींना भारी होती. ऑफिसातल्या साहेबाची चाल, शेजारणीचं भांडण, सगळं नकलांसकट घरी यायचं. लहानपणी एका हातात बिस्कीट धरून ती दुसऱ्या हाताने अर्धवट काहीतरी सांगायची. मग आई तिच्या मनगटावर टिचकी मारायची. नीट बोल. की लगेच बिस्कीट दातांत धरून, दोन्ही हात मोकळे करून, पोरगी पहिल्यापासून सुरू करायची.

तीच थोरली आता नजर चुकवत आईकडे आली.

“त्याच्याकडे खोली मोठी आहे,” तिचे हात म्हणाले. “दवाखाना खालीच आहे. तुझं सगळं नीट होईल.”

“आणि माझ्याशी बोलणार कोण?”

“तो शिकेल ना.”

“इथे येत होतं तेही विसरला, तो तिकडे थंडीत शिकणार?”



“मी थकले गं, आई. नोकरी, घर, तुझी दुखणी. किती ठिकाणी पुरी पडू?”

“मग थकले म्हण! माझ्या भल्याचं आहे म्हणू नकोस.”

आईचा हात असा सपकन फिरला की टोप्यांचा स्टँड हलला. दुकानातल्या दोघा-चौघांनी वळून पाहिलं. लोक बघतात हे धाकट्याचं जुनंच दुखणं. “ताई, आटप ना,” हे त्याच्या ओठांवरचे शब्द आईनेही वाचले.

थोरलीने घाईघाईने समोरचा एक जोड ओढला. लाल, जाड लोकरीचा, आतून मऊ अस्तर. अंगठ्यापुरती वेगळी जागा आणि बाकीची चार बोटं एकाच पिशवीत. शाळेत जाणाऱ्या पोराला घालावेत तसे तिने ते आईच्या हातांत घातले, वर मनगटापाशी नीट ओढून बसवले, आणि ‘छान’ अशी खूण केली.

आईने ‘नको’ म्हणायला हात उचलला. काहीच म्हटलं गेलं नाही. लाल पिशवी नुसती वरखाली झाली.

आई क्षणभर स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकट्याने हे मोजे आणले असते तर ती एवढी पेटली नसती. त्याला काय कळतंय! पण थोरलीने? तिने दोन्ही मोजे ओरबाडून काढले, थोरलीचं मनगट धरलं आणि एकेक करून ते तिच्याच हातांत कोंबले.

“आता तू बोल,” आईची बोटं म्हणाली. “जाऊ मी?”

थोरलीचे हात सवयीने वर आले. छातीसमोर दोन लाल पिशव्या हलल्या आणि थांबल्या. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. मागे धाकटा दुकानदाराला तोच जोड बांधून द्यायला सांगत होता.

थोरलीने हात खाली नेले. तळवे जमिनीकडे करून तिने ते दोनदा दाबले.

थांब. पेटत्या शेगडीकडे धावणाऱ्या पोरीला आईनेच शिकवलेला हा पहिला शब्द. त्याला बोटं लागत नाहीत.

आईला शब्द कळला. पण ‘जरा थांब’ की ‘इथेच थांब’, ते बोटांशिवाय कळायचं नव्हतं, आणि या पोरीचं अर्धवट बोलणं तिने कधीच चालवून घेतलं नव्हतं. राग तर अजून तसाच होता. तिने थोरलीच्या मनगटावर टिचकी मारली.

थोरलीने मोज्याचं टोक दातांत धरलं आणि हात ओढून बाहेर काढला.