सुरसतीच्या नावाचं भजन

या, जवळ सरका. झांज बाजूला ठेवते आणि सातासमुद्रापारच्या आमच्या कोरेन्टाइन किनाऱ्यावरची, नवरात्रातली एक गोष्ट सांगते. आम्हाला गायलेल्या कथेचं भारी वेड. पंडित रामलगन पेटीवर सूर धरून सांगू लागले की भाजीवाल्या बायाही टोपल्या झाकून मंदिराच्या पायरीवर टेकतात.

माझ्या शेजारच्या धनमतीची लेक अंजनी, अकरा वर्षांची. यंदा तिनंही आईबरोबर उपास धरला. आणि नेमक्या त्याच दिवसांत दवाखान्यातल्या सिस्टर इव्हेट शाळेत लस घेऊन आल्या. मोठेपणी गर्भाशयाच्या तोंडाशी होणारा कॅन्सर टाळायची लस, ती मुलींना लहानपणीच देतात. रांगेत उभ्या उभ्या अंजनी धाडकन पडली. सुई तिच्यापर्यंत पोचलीसुद्धा नव्हती. बाजारात मात्र बातमी पोचली ती अशी, की सुईनं पोरी आडव्या होतात. आयांनी भराभरा आपापल्या मुली घरी नेल्या.

मी धनमतीला म्हटलं, "अगं, पोर उपाशी होती."

"असेल, दीदी. पण नवरा-बायकोच्या संबंधातून लागणाऱ्या दुखण्याची लस लग्नाआधी टोचून घ्यायची म्हणजे लोक विचारणारच, हिला कसली एवढी घाई?"

"लोक म्हणजे ती पलीकडची बासमतीच ना? तिच्या तोंडावर कुणी लस काढली तर रांगेत पहिली मी!"

धनमती हसली, पण बधली नाही. "सिस्टर नवरात्र संपल्यावर परत येणारेत. अंजनी जाणार नाही. झालं."

तिच्या थोरल्या बहिणीचं, सुरसतीचं, शेवटचं आजारपण गेल्या वर्षी मी पाहिलं होतं. तिच्या चादरी धुतल्या होत्या. गावाला सांगितलं होतं, पोटात गॅस धरला. घरचेच त्या दुखण्याचं नाव घेत नव्हते, तर मी कशी घेणार? उपासाची गोष्ट मात्र मी पंडितजींच्या कानावर घातली.

नवमीच्या संध्याकाळी कथा रंगात आली होती. पंडितजींनी मध्येच पेटी थांबवली.

"अंजनी बेटी, त्या दिवशी काय खाऊन गेली होतीस?"

"सकाळी काहीच नाही. आदल्या संध्याकाळी केळी खाल्ली होती, पंडितजी."

"सुई फार दुखली का गं?"

"टोचलीच नाही! माझा नंबरच आला नव्हता."

"घ्या! पाडलं भुकेनं, आणि बोल लागला सुईला!"

सगळा मंडप हसला. मला वाटलं, देवीनं काम केलं. पण धनमतीचा चेहरा होता तसाच.

कथा संपताना आमच्याकडे वारलेल्या माणसासाठी भजन मागतात. पंडितजी नाव विचारतात, कशानं गेलं ते विचारतात, आणि दोन्ही गाण्यात गुंफतात. वर्षभर न मागितलेलं भजन मागायला धनमती उठली.

"बहिणीसाठी. सुरसतीसाठी."

"कशानं गेली, बेटी?"

अंजनी मावशीचीच पिवळी ओढणी घेऊन बसली होती. धनमतीनं तिच्याकडे पाहिलं.

"गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरनं. गॅस नव्हता, पंडितजी. ती लाजली, म्हणून डॉक्टरकडे जायला उशीर झाला. मग आम्ही लाजलो."

पंडितजींनी डोळे मिटले आणि सूर धरला:

"सुरसती माई, दुखणं लाजेनं झाकलं,
झाकता झाकता दिवा विझला;
लेकीच्या दिव्याला आडोसा धर, माई,
वारा अजून दूर आहे."

आम्ही मागून ओळ उचलली. सगळ्यात मोठ्यानं, सगळ्यात बेसूर, रडत रडत गात होती बासमती.

सिस्टर आल्या त्या सकाळी धनमतीनं लेकीला डाळपुरी आणि भोपळा इतका वाढला की पोरीला चालवेना.

"पोट भरलंय ना?" सिस्टरनी विचारलं.

"सिस्टर, आज पडलेच तर जेवणानं पडेन!"

सुई टोचली. अंजनीनं आईचा हात घट्ट धरला, मग सोडला. मागे बासमती नातीला घेऊन उभी. मी बघतेय म्हटल्यावर गुरकावली, "काय बघतेस? माझी नात आहे, मला कळतं!"

तुमच्याकडे असं भजन मागायची रीत नसेल, नसू द्या. पण तुमची लेक, भाची त्या रांगेत उभी राहील, तेव्हा तिला आधी पोटभर जेवू घाला, आणि आमच्या सुरसतीची आठवण काढा. नाव घेऊन काढा, दुखण्याचंही नाव घेऊन.