दगड ओला करणारी बाई

शिखरावरचा तो शेवटचा कातळ तीन पुरुष उंच होता आणि धरायला नखाएवढी खाच नव्हती. आईच्या दोन खेपा त्याने परतवून लावल्या होत्या. तिसरी शेवटची. जमलं तर पुढच्या महिन्यात मोठ्या कड्यावर ती लेकीच्या दोराला असणार. नाही तर वर्षभर केलं तेच, खाली बसून गटाच्या पिशव्या राखायच्या.

"आई, जीव नको काढूस," लेक म्हणाली. "मलाही कुठं जमलंय अजून?"

शिकवणारे सर उजवीकडून चढायला सांगत होते. उजवी बाजू दिसायला सोपी. दिसायला काय, सगळंच सोपं असतं!

आई बावीस वर्षं कारखान्यात ओट्यांचा ग्रॅनाइट घासत होती. दगडाचा पोत कळेना की तिथे एकच उपाय. तिनं बाटलीतल्या पाण्यात रुमाल भिजवला आणि हात पोचेल तिथवर कातळावर फिरवला.

"अहो मावशी, घसराल ना!" सर ओरडले.

"वाळेल हो, ऊन आहे. पण ओला झाल्याशिवाय दगड खरं बोलत नाही."

डावीकडे जाड पांढऱ्या खड्यांचा पट्टा उठून दिसला, सरळ वर गेलेला. उजवी बाजू सगळी बारीक दाण्याची, पाय घसरणारी. म्हणजे इतके दिवस सगळे चुकीच्या जागी डोकं आपटत होते!

कातळ वाळला. सरांनी माथ्यावरच्या कडीतून खाली आलेला दोर ताणून धरला आणि आई डावीकडून निघाली. जी खरखर घालवण्यात तिची मनगटं झिजली, तिच्यावरच आता भार टाकायचा होता. अर्ध्यात तिनं खाली पाहिलं. तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. तरी तिनं पाय दाबून ठेवला. पाय तसूभरही हलला नाही. मग दुसरं पाऊल, मग तिसरं, आणि छाती माथ्यावर टेकली.

"अगं बाई, जमलं की!" ती ओरडली. खाली सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. माथा अंगणाएवढा सपाट होता; तिथे ती एकटीच खदाखदा हसत सुटली.

मग तिनं कमरेचा दोर सोडून खाली पाठवला आणि पालथी पडून लेकीला पावलं सांगितली. "पांढऱ्यावर ठेव. हां, दाब. घाबरतेस काय, मी आहे ना!" लेक वर आली ती थेट मिठीतच.

"आता सर, तुम्ही," आई खाली वाकून म्हणाली. "डावीकडून बरं का!"

सरांनी दोर गटातल्या एका पोराच्या हाती दिला आणि बूट आवळले.