पिशवीतली चाळीस मिनिटे

मी एक जुना, हातात मावणारा वायरलेस सेट आहे आणि स्वस्तातला आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून तुमच्या लक्षात येण्यापेक्षा ते बरे. मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगायला बसले की सगळे आपापले पराक्रम सांगतात. माझ्या कहाणीत पराक्रम नाही. एक दिवस मात्र असा आहे, की तो आठवला की आजही मला मान वर करवत नाही. तशी मला मान नाही, आखूड अँटेना आहे. पण लाज वाटायला तेवढी पुरते.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एकीने माझ्या पाठीला बॅटरी लावली, दुसरीने बटण दाबून पाहिले, तिसरीने खोक्यात घालून झाकण लावले. कौतुक असे कुणी केले नाही. माझ्याबरोबर एक माहितीपत्रक दिले होते. ते वाचून शहाण्या माणसाचेही डोके फिरावे, अशी त्याची भाषा होती.

परीक्षा देऊन, परवाना काढून, केवळ हौसेपोटी हवेतून एकमेकांशी बोलणारी माणसे असतात. त्यांना हॅम म्हणतात. प्रत्येकाला अक्षरांचे आणि आकड्यांचे एक खास नाव मिळते. बोलताना ते आधी सांगायचे, म्हणजे कोण बोलते आहे ते सगळ्यांना कळते. अशीच एक नवी हॅम मला घ्यायला दुकानात आली. तिचे चष्म्याचे दुकान होते. पन्नाशी उलटल्यावर तिने ही परीक्षा दिली होती आणि पहिल्या झटक्यात पास झाली होती. मी तिला बाई म्हणतो. तिच्याबरोबर तिला शिकवणारे मास्तर होते. मास्तर पूर्वी जहाजावर वायरलेस सांभाळत. आता गावातल्या अर्ध्या हॅमना त्यांनीच तयार केले होते.

बाईंची नजर काचेच्या कपाटातल्या भारी सेटवर होती. मास्तरांनी मात्र मला उचलले, उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "पहिला सेट असलाच घ्यावा. दोन बँड आहेत. एक मोकळ्यावर लांब जातो, दुसरा भिंतीबिंतींतून वाट काढतो. बॅटरी सुटी मिळते, अँटेना बदलता येते. आणखी काय पाहिजे? पडला तरी रडू येणार नाही."

ते शेवटचे वाक्य मला झोंबले. पण पुढे ते जे म्हणाले, ते मी तेव्हा नीट ऐकायला हवे होते.

"एक ध्यानात ठेवा," मास्तर बाईंना म्हणाले. "बटण दाबलेलं असलं की हा ठार बहिरा असतो. बोलतो तेव्हा ऐकत नाही. तेव्हा थोडं बोला, बटण सोडा आणि ऐका."

रोज संध्याकाळी सातला मास्तर हवेतून सगळ्यांची हजेरी घेत. प्रत्येकाने आपले नाव सांगायचे, दोन शब्द बोलायचे, आणि मास्तर त्याला दोन आकडे द्यायचे. पहिला आकडा शब्द किती स्पष्ट कळले त्याचा. जास्तीत जास्त पाच. दुसरा आवाजाच्या ताकदीचा. जास्तीत जास्त नऊ. बाकीचे लोक मैत्रीखातर एकमेकांना सर्रास पाच-नऊ वाटत सुटायचे. मास्तरांचे तसे नव्हते.

"चार-तीन," ते पहिल्या दिवशी बाईंना म्हणाले. "एखाददुसरा शब्द गळतोय. ताकद बेताचीच."

बाई हिरमुसल्या आणि मीही. बेताची ताकद माझीच होती ना!

पण बाई चिकाटीच्या. दुसऱ्या दिवसापासून त्या गच्चीवर जाऊन बोलू लागल्या. मला तोंडापासून चार बोटे लांब धरायला शिकल्या. रात्री मला चार्जरवर उभे करताना मऊ फडक्याने पुसत. चष्म्याच्या काचा पुसायचे तेच ते फडके. इतके लाड कपाटातल्या भारी सेटचेही कुणी केले नसतील. मला ते लाड अंगी लागले, आणि थोडे डोक्यातही गेले.

बाईंना बोलायची भारी आवड. माझ्यात एक सोय होती, ती त्यांच्या आड येई. एक मिनिटाच्या वर कुणी बटण दाबून धरले, की मी टीं करून आपोआप तोंड मिटायचो. एकदा बाई रंगात येऊन एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होत्या. ते गृहस्थ कपाळावर चष्मा ठेवून चष्मा हरवल्याची तक्रार करायला आले होते. गोष्टीतली खरी गंमत येणार, तेवढ्यात मी टीं केले. कुणीच हसले नाही. बाई चिडल्या. त्यांनी माहितीपत्रक काढले, कपाळाला आठ्या घालून वाचले आणि ती मर्यादा बंद करून टाकली.

"आता तर बघायलाच नको," त्यांचे यजमान म्हणाले. "आधीच तू बटण दाबलंस की सोडायचं नाव नाही. त्या बिचाऱ्याला घाम फुटत असेल."

मित्रांनो, खरे सांगतो, मला घाम फुटला नाही. मी खूश झालो. आता माझ्या तोंडाला लगाम नव्हता.

मग तो दिवस आला. गावाजवळच्या डोंगरावर धावण्याची शर्यत होती. तिथे मोबाइल लागत नाही, म्हणून आयोजकांनी हॅम मंडळींना वाटेवर उभे केले होते. पायथ्याशी मुख्य टेबलावर आमच्यातलेच एक, बँकेतले कारकून. दुसऱ्या टप्प्यावर आमच्या बाई. तिसऱ्या टप्प्यावर, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, मास्तर. चौथ्यावर दवाखान्यातली नर्स. एखादा धावणारा पडला, दुखावला, तर त्याच क्षणी खाली कळवायचे आणि खालून स्ट्रेचर निघायचे, एवढेच काम. सगळ्यांचे सेट एकाच फ्रिक्वेन्सीवर लावलेले. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे.

सकाळपासून मी छान काम केले. बाई आकडे सांगत होत्या, "बावीस गेले, तेवीस गेले," आणि खालून "मिळालं" असे उत्तर येत होते. मग भुरभुर सुरू झाली. बाईंना माझी काळजी वाटली. त्यांनी मला नॅपकिनमध्ये गुंडाळले आणि खांद्यावरच्या पिशवीत खोचले. एका बाजूला पाण्याची बाटली, दुसऱ्या बाजूला डबा. डब्यात चमचा होता. मी भिजू नये म्हणून त्यांनी मला चांगले घट्ट दाबून बसवले, आणि डब्याची कड बरोबर माझ्या बटणावर आली.

बाई आता आकडे पाऊस थांबल्यावर सांगायचे म्हणून कागदावर टिपत होत्या आणि धावणाऱ्यांना पाण्याचे पेले देत होत्या. त्या वाकल्या की पिशवी हलायची, चमचा वाजायचा, नॅपकिन खसखसायचा. आणि मी ते सगळे हवेत सोडत होतो. माझ्या इवल्याशा ताकदीनिशी, जीव तोडून, सलग. पूर्वी एका मिनिटात माझे तोंड मिटले असते. आता मिटवणारे कुणी नव्हते. आणि बोलत असल्यामुळे मला काहीही ऐकू येत नव्हते. बाईंना वाटले, सेट गप्प आहे म्हणजे सगळे आलबेल आहे.

आलबेल नव्हते. चौथ्या टप्प्याच्या अलीकडे आमच्या गल्लीतला बेकरीवाला निसरड्या दगडावरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. नर्स खाली कळवत होती. पुन्हा पुन्हा कळवत होती. पायथ्याशी तिच्या आवाजाऐवजी माझी खसखस पोचत होती. शेवटी एक धावणारा उलटा फिरून चिखलातून खाली गेला, तेव्हा कुठे स्ट्रेचर निघाले. बेकरीवाला चाळीस मिनिटे पावसात पडून होता. नर्सने आपला रेनकोट त्याच्या अंगावर घातला होता आणि ती स्वतः कुडकुडत होती.

चाळीस मिनिटांनी माझी बॅटरी संपली, म्हणून मी थांबलो. शरमेने थांबलो असतो तर आज निदान तेवढे तरी सांगता आले असते.

नेमके त्याच वेळी पलीकडच्या अंगाला मास्तरांनी आपला जुना सेट खिशातून काढला होता. मधल्या डोंगरामुळे माझी खसखसही आणि नर्सचा आवाजही त्यांच्यापर्यंत गेलाच नव्हता. इतका वेळ सगळे गप्प कसे, म्हणून त्यांनी बटण दोनतीनदा दाबून हाक दिली. त्यांचे बटण झिजले होते आणि पूर्वी एकदा अडकलेही होते. खाली कारकुनांना काय ऐकू आले? खसखस थांबली आणि लगेच मास्तर बोलले.

शर्यत संपल्यावर मुख्य टेबलाभोवती सगळे जमले. कारकून सांगत होते, "नाव नाही, गाव नाही. नुसती खसखस, आणि मधूनच डब्यात चमचा वाजावा तसं टणटण."

मास्तर आपल्या सेटकडे बघत म्हणाले, "माझंच बटण असणार. आधीही अडकलंय ते. चुकलं माझं."

बाईंचा हात पिशवीत गेला. मी अजून गरम होतो. त्यांच्या बोटाला डबा लागला आणि चमचा वाजला. बाईंनी पटकन हात बाहेर काढला. त्या क्षणी त्यांना सगळे कळले, आणि त्या काही बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी यजमानांना सांगितले. यजमान बराच वेळ चहा ढवळत राहिले. "कुणाला कळलंय का?" त्यांनी विचारले. बाईंनी मान हलवली, नाही. "मग कशाला उगाच? मास्तर मोठा माणूस आहे. त्यांना कोण काय बोलणार?"

पण लोक बोलले. पायाला प्लास्टर घातलेला बेकरीवाला कुबड्या टेकत दुकानात आला आणि म्हणाला, "त्या म्हाताऱ्याच्या हातात कशाला देतात हो सेट? ऐकू कमी येतं, हात थरथरतो." बाई त्याच्या चष्म्याचा स्क्रू आवळत होत्या. तो आवळून झाला तरी त्या आवळतच राहिल्या.

आणि एके दिवशी मास्तर स्वतः आले. डोळे तपासायचे होते. खुर्चीवर बसून ते समोरच्या पाटीवरची अक्षरे वाचू लागले. शेवटची ओळ त्यांना दिसेना.

"पुरे झालं," ते हसून म्हणाले. "आधी कान गेले, मग हात, आता हे. मी हजेरी कारकुनांकडे सोपवलीय. आजपासून मी नाही. माझ्यापायी एक माणूस पावसात पडून राहिला, आता कुठल्या तोंडानं बसू?"

बाई त्यांच्या मागे उभ्या होत्या, म्हणून त्यांना बाईंचा चेहरा दिसला नाही. मला दिसला. मी मागच्या फळीवर चार्जरवर उभा होतो. मित्रांनो, मला त्या वेळी ओरडावेसे वाटले. ज्या दिवशी गप्प बसायचे होते त्या दिवशी मी चाळीस मिनिटे बोललो, आणि आता बोलायचे होते तर माझे बटण कुणी दाबत नव्हते. बाईंनी मास्तरांकडून चष्म्याचे पैसे घेतले नाहीत. मास्तरांना वाटले, विद्यार्थिनीचे प्रेम.

त्यानंतर बाईंनी मला खणात टाकले. सहा आठवडे मी जुन्या फ्रेमा आणि तुटक्या काड्यांमध्ये पडून होतो. धूळ बसली. मला त्याचे वाईट वाटले नाही. माझी तीच लायकी होती. रोज संध्याकाळी सात वाजता मला कुणी चालू करत नसे, आणि मला उलट बरे वाटे. मास्तरांचा आवाज नसलेली हजेरी ऐकायला लागत नव्हती.

एका सकाळी बेकरी पुन्हा उघडली. गल्लीत पावाचा वास आला. बाई दुकान अर्धे उघडे टाकून तिकडे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. यजमानांना त्या म्हणाल्या, "सांगितलं त्याला. तो एवढंच म्हणाला, 'मास्तरांना सांगितलंत का?'"

त्या संध्याकाळी बाईंनी मला खणातून काढले, मऊ फडक्याने पुसले, नवी बॅटरी लावली. पहिली गोष्ट त्यांनी कोणती केली असेल? ती बंद केलेली मर्यादा चालू केली. एक मिनिट. मग हजेरी सुरू झाली आणि त्यांची पाळी आली. त्या गच्चीवर गेल्या नाहीत. दुकानातच, मास्तर बसले होते त्या खुर्चीवर बसून त्यांनी बटण दाबले. आधी आपले नाव सांगितले. ते अक्षर-आकड्यांचे नाव मी त्या दिवशी चाळीस मिनिटांत एकदाही सांगितले नव्हते.

"शर्यतीच्या दिवशी अडकलेलं बटण माझं होतं," बाई म्हणाल्या. "मास्तरांचं नाही. सेट माझ्या पिशवीत होता, डब्याला लागून. वेळेची मर्यादा मीच बंद केली होती. हे मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी गप्प बसले. मास्तर, माझ्यामुळे तुम्हाला बोल लागला. मला माफ करा असं म्हणायची सोय मी ठेवली नाही. पण ऐकत असाल तर हे ऐका."

मी टीं करायच्या आत त्यांनी बटण सोडले.

मग काहीच आले नाही. कारकून बोलले नाहीत, नर्स बोलली नाही. आयुष्यात मी पहिल्यांदाच इतके मन लावून ऐकत होतो. बाईंनी मला कानाजवळ धरले होते.

बऱ्याच वेळाने एक कट् आवाज आला, झिजलेल्या बटणाचा. आणि सहा आठवड्यांत हवेत न आलेला आवाज आला.

"पाच-तीन," मास्तर म्हणाले. "ताकद बेताचीच. पण शब्द सगळे पोचले."

एवढेच. त्यांनी माफ केले, असे ते म्हणाले नाहीत, आणि मी ते तुम्हाला बनवून सांगणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सातला हजेरी मास्तरांनी घेतली.

आता मी खूप जुना झालो आहे. पट्ट्याला अडकवायची क्लिप तुटली आहे, आकडे पुसट दिसतात, अजूनही दुकानात चार्जरवर उभा असतो. लाज काही गेलेली नाही, फक्त तिच्याबरोबर राहायची सवय झाली आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा स्वस्तातला भाऊ आला, तर त्याला पावसापासून जरूर जपा. पण पिशवीत ठेवण्याआधी त्याचे बटण कुठल्या बाजूला आहे, तेवढे बघा. आणि बघायचे राहिलेच, तर निदान नंतर गप्प बसू नका.