साहेबांच्या सिगारचा रिपोर्ट

कुरिअरवाला डबा देऊन गेला तेव्हा सुभेदार लालासाहेब उसाला पाणी पाजत होते. चिखलाचे हात धोतराला पुसून त्यांनी तिथेच बांधावर डबा उघडला. आत अंगठ्याहून जाड आणि लांबीला वीतभरही नसलेले पाच सिगार, तांबूस, तुकतुकीत, एकाला एक लागून झोपलेले.

ते कर्नल चेंगप्पांनी कूर्गहून पाठवले होते. आदल्याच दिवशी त्यांचा फोन आला होता. मराठा पलटणीत आयुष्य गेल्यामुळे साहेबांचे मराठी मोडके असले तरी ठाम होते. "सुभेदार, सिगार ओढायचा आणि रविवारी रिपोर्ट द्यायचा. खरा रिपोर्ट. गोड बोलायचं नाही."

लालासाहेबांच्या रिपोर्टवर साहेबांनी एकेकाळी अख्खा ताफा पुरात हललेल्या पुलावरून नेला होता. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी त्यांनी पुन्हा रिपोर्ट मागावा, या गोष्टीने पलूस तालुक्यातला हा सत्तरीचा शेतकरी मनातून ताठ उभा राहिला होता.

अडचण एकच होती. मिरजेच्या दवाखान्यात छातीत स्टेंट बसवला, त्या दिवशी त्यांनी पत्नी मनुबाईंच्या हातावर हात ठेवून बिडी सोडली होती. तो शब्द मोडवत नव्हता आणि साहेबांशी खोटे बोलवत नव्हते. त्यांनी डबा ज्वारीच्या कणगीत खुपसला आणि रात्रभर विचार केला. सकाळी मार्ग सापडला. अधिकाऱ्याला स्वतः पुढे जाता येत नसेल, तर तो टेहळणीला माणसे पाठवतो.

संध्याकाळी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीजवळ ही टेहळणी तुकडी जमली. गुंडा हा त्यांच्याच पलटणीतला निवृत्त ड्रायव्हर. बिराप्पा धनगराची मेंढरे सध्या लालासाहेबांच्या रानात खतासाठी बसलेली होती. तिसरे शेजारच्या मळ्याचे बाहुबली. ते जैन, सुपारीच्या खांडालाही न शिवणारे. पण वाऱ्याची दिशा पाहून, धुराच्या अलीकडे बैठक मारून ते हजर होते.

लालासाहेबांनी हुकूम सोडला, "एकेकानं वढायचा आन् खरं सांगायचं."

गुंडाने सिगार हातात घेऊन उलटसुलट केला. "दोन्हीकडनं बंद हाय की वं!" असे म्हणत त्याने कोयता उचलला आणि ऊस तोडावा तसा एका घावात बुडखा आणि दुसऱ्यात शेंड्याचे वाढे उडवले. मुळातच बुटका असलेला तो सिगार निम्मा झाला आणि त्याची पाने सैल होऊन उलगडू लागली.

"आरं गड्या, वैरण कापाय सांगितली व्हती व्हय रं तुला?" लालासाहेब कळवळले. शेवटी उसाच्या पाचटाची बारीक दोरी वळून ती त्याभोवती बांधावी लागली.

गुंडाने पेटवला, डोळे बारीक केले. मग म्हणाला, "बुटका हाय, जाड हाय. लवकर पेटत न्हाई, पर एकदा पेटला की इझायचं नाव न्हाई. डिक्टो माझा सासरा."

बिराप्पाने कोयता नाकारून दाताने टोक तोडले. चिलमीची सवय; त्यामुळे त्याने सिगार मुठीत उभा धरला, मुठीला ओला फडका लावला आणि बेंबीच्या देठापासून दम ओढला. धूर आत गेला. बाहेर यायला मात्र फार वेळ लागला. बिराप्पा हळूच खाली बसला आणि मेंढरांकडे टक लावून पाहू लागला.

"काय वाटलं, बिराप्पा?"

"सुभेदार, माजी मेंढरं लय झाली वं. जितकी आणली त्याच्या दुप्पट दिसाय लागलीत."

सगळे हसले. बाहुबलींनी मात्र घसा साफ केला. "माझं बी मत घ्या. बिडी म्हंजे उभ्या उभ्या मारलेल्या गप्पा. ह्यो म्हंजे पंगत हाय. ज्याला घाई हाय त्यानं ह्याच्या वाटंला जाऊ नये."

"तुमी तर वढलाबी न्हाई, आण्णा!" गुंडा म्हणाला.

"न वढणाऱ्यालाच धूर जास्त कळतोय, गुंडा. माझ्याकडं दुसरं कामच न्हाई."

रविवारी फोन आला. मनुबाई पडवीत भेंडी चिरत होत्या. लालासाहेब उभे राहिले, फोन स्पीकरवर ठेवला आणि सासऱ्यापासून पंगतीपर्यंत सगळे क्रमाने सांगितले. पलीकडे साहेब खदाखदा हसत होते.

"फार छान. आता तुमचं मत, सुभेदार?"

विळीवरचा आवाज थांबला. लालासाहेबांनी मनुबाईंकडे पाहिले, मग समोरच्या भिंतीकडे.

"साहेब, मी वढला न्हाई. बायकोला शब्द दिलाय. तुकडी पाठवली व्हती."

मग साहेबांचा आवाज आला, पहिल्यापेक्षा हळू. "मलाही डॉक्टरनं बंद केलं, सुभेदार. डबा घरात राहिला असता तर मी राहिलो नसतो. वाटलं, तुम्ही ओढाल, मी ऐकेन."

मनुबाई उठल्या. फोनजवळ येऊन म्हणाल्या, "साहेब, तुमची मंडळी कुटं हायती?"

"इथेच. बाजूला उभी आहे."

"मग बरं हाय."

त्या सरळ कणगीकडे गेल्या आणि ज्वारीतून डबा काढून आल्या. तो तिथे आहे, हे त्यांना कधीपासून ठाऊक होते, ते लालासाहेबांनी विचारले नाही. त्यांनी चुलीवर एक सिगार पेटवला, कणकेच्या गोळ्यात उभा खोचला आणि गोठ्याच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला.

"लांबनं बघा. दोगंबी. धूर गिळायचा न्हाई कुणी," त्या म्हणाल्या.

लालासाहेब फोन घेऊन अंगणात उभे राहिले. "साहेब, धूर निळा हाय. सरळ वर चाललाय. वारा न्हाई."

"वास?"

लालासाहेबांनी डोळे मिटले. "आपल्या तंबूचा, साहेब. भिजलेली ताडपत्री उन्हात टाकल्यावर यायचा, त्यो. आन् पहाटं तुमच्या मगातनं यायचा, त्यो कॉफीचा."

साहेब म्हणाले, "बरोबर. तोच."

तेवढ्यात मनुबाईंनी गोठ्यात डोकावून पाहिले.

"आवं, माझं बी सांगा त्यास्नी. म्हशीनं शेपूट हलवायचं थांबवलंय, डास पार गेलं. आणिक असलं तर धाडा म्हणावं, पावसाळा तोंडावर आलाय."