धवलारिणीच्या दारचं कुलूप

घोडबंदर रोडच्या टॉवरांना मावळतीचं ऊन मिळतं आणि त्यांच्या पायाशी बसलेल्या गावठाणाला सावली. त्या सावलीत काळुरामचं घर होतं, आणि त्याच्या पुढच्या दाराला दिवसभर कुलूप. नवराबायको मात्र आतच. पुढून कुलूप लावायचं, मागच्या दाराने आत शिरायचं आणि कडी वाजली की श्वासही हळू घ्यायचा, अशी रीतच पडून गेलेली.

वसुलीवाल्यांपायी हे सारं. काळुराम हळदींमध्ये ढोलकी वाजवायचा. लोकांना डीजे हवासा झाला, तेव्हा त्याने कर्ज काढून माणसाएवढे स्पीकर घेतले. त्यांचा हप्ता भरायला दुसरं कर्ज, त्याच्यासाठी मोबाइलवरून तिसरं. शेवटी निशा वकीलबाईंनी समजावलं की काका, कोर्टात नादारीचा अर्ज करू. विकण्यासारखं असेल ते कोर्ट विकेल, देणी जमतील तेवढी भागवेल, आणि मग दारात येऊन कुणी दमदाटी करायची नाही.

अर्जाच्या वेळी निशाने धंद्याची अवजारं विचारली. ती जप्त होत नाहीत. भांडी, अंथरूण आणि मंगळसूत्रही नाही. काळुरामने ढोलकी सांगितली. त्याची बायको कमळाबाई आगऱ्यांची धवलारीण, लग्नात धवले गाऊन देवांना मांडवात बोलावणारी. ती म्हणाली, "माजा गला लिव."

निशाला हसू आलं. "मावशी, तो लिहायला नको. तो न्यायला कोण येतंय?"

कमळाबाई हसली नाही. शेजारच्या आळीत भगवानच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. धवलारिणीच्या हातात सुपारी ठेवून आमंत्रण द्यायचं असतं, फोनवर चालत नाही. सुपारी काही आली नव्हती. दिवाळं काढणाऱ्या घरची बाई कुणाला शुभकार्यात हवी असेल, असं तिने मनाशी धरलं आणि ती पाट्यावर वाटण वाटतानाही गुणगुणेनाशी झाली.

कोर्टाचा हुकूम झाला. स्पीकर टेम्पोत चढले. निशाने फोन करून सांगितलं, आता खुशाल दार उघडा. काळुराम किल्ली घेऊन उठला, तशी कमळाबाईने त्याचा हात धरला.

"ऱ्हावंदे कुलूप. कुनी येत नाय त्याला कारन तरी हाय."

काळुरामने हळूच हात सोडवून घेतला. मागून वळसा घालून गेला आणि त्याने कुलूप काढलं. दारातून उजेड आत आला, थेट चुलीपर्यंत. कमळाबाई त्याच्याकडे पाठ करून तांदळाच्या भाकऱ्या थापत बसली.

पहिली भाकरी फुगते न फुगते तोच विमलाबाई उंबऱ्यात. भगवानची आई, नवरीची आजी. घामाने डबडबलेली, आणि संतापलेली.

"कमले, कनच्या पावन्याकरं जाऊन बसली व्हतीस? तीनदा आलू. तीनदा कुलूप."

कमळाबाईचा हात तव्यावर तसाच राहिला. "मंजे, कडी वाजवत व्हतीस ती तू?"

मग सगळं बाहेर आलं. तिसऱ्या खेपेला आतून शिंक ऐकू आली होती, पण विमलाबाईला वाटलं मांजर असेल. काळुराम कोपऱ्यात मिशीआड हसू दाबत होता. तेव्हा हाच खाटेखाली होता, नाकाला पंचा लावून.

कमळाबाईने पदर सावरला. आमच्या घराचं दिवाळं निघालंय, ठाऊक आहे ना, असं तिने खालमानेने विचारलं.

"सारे गावाला ठाव हाय," विमलाबाई म्हणाली. "मना मांडवात देव बोलवाचं हान, बँकवाले नाय. हात फुरं कर."

पिठाने माखलेल्या हातावर सुपारी आली. भाकरी करपली, तिकडे कुणी पाहिलंच नाही.

वैशाखात हळद लागली. कमळाबाईने पाटाशी बसून सूर धरला आणि मधेच दोन ओळी पदरच्या घातल्या:

*कुलूप निंगालं, दार झालं गं मोकलं,*
*हलदीच्या पायांनी सुख अंगनी ठाकलं.*

ढोलकीवर काळुराम होता. धवले संपले, मग डीजे सुरू झाला. काळुरामने मान वळवली आणि ओळखलं. लिलावात गेलेले त्याचेच स्पीकर, आता कल्याणच्या कुणा पार्टीचे. त्याने जवळ जाऊन एकावरून हात फिरवला, डीजेवाल्याला बेस थोडा कमी करायला सांगितलं, आणि ढोलकी बायकोच्या मांडीवर ठेवून त्या स्पीकरांपुढे नाचायला लागला. हप्त्याची तारीख न आठवता, पहिल्यांदाच.