नरसाळ्याला आंघोळ घालू नये

मित्रांनो, मी एक जुने नरसाळे आहे आणि देशाच्या उत्तर सीमेसाठी मी आयुष्य वाहिले आहे. म्हणजे वाहणार होते. प्रत्यक्षात खडकीच्या एका लष्करी गोदामात मी अकरा वर्षे पालथे पडून होते.

माझा जन्म जस्ती पत्र्यातून झाला आणि गळ्यात एक मऊ कातडे बसवले गेले. हे कातडे आधी पेट्रोलने भिजवले, की ते पेट्रोल खाली सोडते आणि पाणी वरच अडवते. तुम्ही म्हणाल, पेट्रोलमध्ये पाणी कुठले? मित्रांनो, टाकी अर्धी रिकामी ठेवली की आतल्या हवेतले बाष्प दव होऊन तिच्या भिंतींना धरते आणि तळाला जमते. हिमालयाच्या थंडीत पेट्रोल गोठत नाही. गोठतो तो पाण्याचा थेंब, मग नळीत बूच बसते आणि जीप जागची हलत नाही. असे थेंब अडवायला माझी नेमणूक होती. बोलावणे काही आले नाही. शेवटी भंगारातून मी जुन्या बाजारात आले आणि तिथून सदाशिव पेठेत, अनंतरावांच्या घरी.

अनंतराव शाळेत इतिहास शिकवत. स्कूटरवरून लेहला जायचे, तेही मागे पत्नी उल्काताईंना बसवूनच, हे त्यांचे वीस वर्षांचे स्वप्न. उल्काताई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत.

"अहो, इथं डिसेंबरात हिला बारा किका लागतात. तिथं काय करणार आहात?"

"सुरू होईल."

"दाखवा. एक रात्र कडाक्याच्या थंडीत ठेवा. सकाळी सुरू झाली तर मी येते. नाही झाली, तर लेहचं नाव या घरात काढायचं नाही."

त्र्याण्णव सालच्या जुलैत पुण्यात कडाक्याची थंडी कुठे मिळणार? कर्वेनगरात मिळाली. तिथल्या हिंदुरावांनी शेताच्या जागी आईस्क्रीमचे शीतगृह बांधले होते. आत उणे अठरा अंश.

"पावसाळ्यात आईस्क्रीम खातंय कोण सर? एक खोली रिकामीच हाय. आणा स्कूटर."

तयारीसाठी अनंतरावांनी मला हातात घेतले. इतक्या वर्षांनी माणसाचा स्पर्श! माझा ऊर भरून आला. त्यांनी मला गरम पाण्याने, साबणाने घासले, कातडेही चोळून धुतले आणि ओलेच परत बसवले. मित्रांनो, इथेच घात झाला. पाण्याने भिजलेले कातडे पक्ष बदलते. ते पाणी सोडते आणि पेट्रोल अडवते. पेट्रोल उतरेना, तेव्हा अनंतरावांनी कातडे बोटाने दाबले. त्यातले बरेचसे पाणी टाकीत गेले. टाकीही त्यांनी अर्धीच भरली. दुसऱ्याच्या जागेत रात्रभर ठेवायचे, जास्त कशाला?

सकाळी शीतगृहाचे दार सताड उघडले. कोट आणि माकडटोपी घालून अनंतरावांनी किक मारली. स्कूटर गप्प. हिंदुराव दारातून मोजत होते. तीस झाल्यावर त्यांना राहवेना.

"सर, दमला असाल. खालनं शेकोटी करू का?"

"टाकीत पेट्रोल आहे, हिंदुराव," उल्काताई म्हणाल्या.

"मग ऱ्हाऊ द्या."

अनंतराव सीटवर बसले आणि त्यांनी माकडटोपी काढली. "चला घरी," एवढेच म्हणाले.

उल्काताई जिंकल्या होत्या. पण खुलासा झाल्याशिवाय त्यांचा पाय निघेना. त्यांनी बाहेर ठेवलेल्या मला उचलले आणि कातडे पिळले. दोन थेंब पाणी पडले.

"हे धुतलंत?"

"साबणाने," अनंतराव अभिमानाने म्हणाले.

"हिंदुराव, चहाचा स्टोव्ह पेटवायचं स्पिरिट आणा. आणि गरम पाणी, फडकं."

त्यांनी गरम फडके पेट्रोलच्या नळीला गुंडाळले आणि दोन टोपणे स्पिरिट टाकीत ओतले. "पाणी स्पिरिटात मिसळलं की सहजी गोठत नाही. मारा आता."

चौथ्या किकला स्कूटर धूर ओकत सुरू झाली.

"उल्का, सुरू झाली!"

"ऐकू येतंय."

"म्हणजे तू..."

"येते. पण रोज रात्री टाकी काठोकाठ भरायची, आणि या नरसाळ्याला तुम्ही हात लावायचा नाही."

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. फक्त ती वस्तू काय काम करते, ते आधी कुणाला तरी विचारा. मला पेट्रोलने पुसा, कोरडे ठेवा आणि साबण स्वतःला लावा.

महिन्याभराने आम्ही लेहला पोचलो. ऑगस्टची दुपार होती. तापमान सत्तावीस अंश होते आणि अनंतरावांचे नाक उन्हाने सोलले होते.