डावा हात

"बेस!" हॉलच्या पार मागच्या टोकाला, आपल्या बटणांच्या टेबलामागून साउंडवाल्या मिस्त्रीने माइकवर हाक दिली.

खर्जने आपल्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार एकदा छेडली. तो आवाज रिकाम्या खुर्च्यांवरून गेला, मागच्या भिंतीला टेकला आणि परत आला.

"आणखी."

त्याने तीच तार पुन्हा छेडली.

"अरे बाबा, दाराची बेल वाजवतोयस का? तुझं ते नेहमीचं वाजव की."

"आज हेच घे."

"हे घेऊन काय करू? डोंबल? वाजव लवकर, मागे गिटारवाला ताटकळलाय."

ड्रमर खुदकन हसला. खर्ज हसला नाही. त्याने तीच तार तिसऱ्यांदा छेडली आणि आवाजाचं बटण उगाचच थोडं फिरवलं, जणू दोष बटणाचाच होता.

खर्ज हे काही त्याचं खरं नाव नव्हे. सगळ्यात खालच्या सुराला खर्ज म्हणतात आणि हा तिथेच राहायचा, स्टेजवरही आणि बोलण्यातही. सव्वीस वर्षांपूर्वी कुणीतरी गमतीने हाक मारली आणि ती चिकटली. आता बायकोसुद्धा रागावली की "अहो खर्ज" म्हणायची.

कार्यक्रमाआधीच्या साउंड चेकला बेसवाला काय वाजवतो, यावरून माणूस ओळखता येतो असं त्याचं म्हणणं होतं. काहीजण येत असेल नसेल तेवढं सगळं भरधाव वाजवून टाकतात, म्हणजे बाकीच्यांनी आधीच दबून राहावं. काहीजण संध्याकाळचं पहिलं गाणं वाजवतात. ती सरळमार्गी माणसं, त्यांच्या घरचे दिवे वेळेवर बंद होतात. आणि काहीजण एकच सूर धरून बसतात, रांगेत उभं राहिल्यासारखे. अशांची त्याला दया यायची. सबंध दिवसात बेसवाला एकटा ऐकू येतो तो एवढाच वेळ, मिनिटभर, फार तर दोन. पुढे गाणारीचा गळा, गिटार, टाळ्या. बेस लोकांना ऐकू येत नाही. नसला तरच काहीतरी कमी वाटतं. ते एक मिनिट हातचं घालवणारा माणूस त्याला कळायचाच नाही.

त्याचा स्वतःचा एक तुकडा होता. पहिल्याच कार्यक्रमाला भीतीने हात गार पडलेले असताना सुचलेला. त्याला नाव नव्हतं, तो कुठल्या गाण्यात कधी आला नाही. वरून सुरू होऊन जिना उतरावा तसा हळूहळू खाली यायचा, मध्ये एका पायरीवर थबकायचा, मग पुन्हा उतरायचा. वर्षं गेली तशी त्यात भर पडत गेली. मिस्त्री त्यावरच हॉलचा आवाज लावायचा. "तुझ्या तुकड्यात सगळे सूर येतात," तो म्हणायचा. "भिंत कुठे गुरगुरते ते मला लगेच कळतं."

आज मिस्त्री माइक ठेवून उठला आणि वायर तपासायच्या निमित्ताने स्टेजवर आला. उकिडवा बसून वायर हातात धरत त्याने खालच्या आवाजात विचारलं, "किती दिवस?"

"कसले?"

"मला शेंड्या लावू नकोस. बोटं."

खर्जने इकडेतिकडे पाहिलं. "आठ महिने."

"आणि मला बोलला नाहीस."

"काय बोलू?"

मिस्त्रीने धड असलेली वायर काढली, पुन्हा खोचली आणि गेला.

आठ महिन्यांपूर्वी डाव्या हाताची शेवटची दोन बोटं त्याला सोडून गेली होती. दुखत नव्हती, सुजली नव्हती. सुईत दोरा ओवता यायचा, शर्टाची बटणं लागायची, बटाटे सोलता यायचे. फक्त बेस हातात घेतला, की ती दोन बोटं हात लावलेल्या गोगलगायीसारखी आत वळायची आणि तळव्यात तोंड लपवून बसायची. डॉक्टरांनी त्याला बेस घेऊनच बोलावलं होतं. त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "बोटं ठणठणीत आहेत. डोकं त्यांना चुकीचा निरोप देतंय, तोही फक्त वाजवताना."

"बरं होईल ना?"

"काहींचं होतं, थोडंफार."

"मग कशामुळे झालं?"

डॉक्टर जरा थांबून म्हणाले, "वाजवून वाजवून."

तेव्हापासून तो उरलेल्या दोन बोटांवर काम भागवत होता. अवघड जागा गाळायचा, चार सुरांच्या जागी एक लांबवायचा. कुणाच्या लक्षात आलं नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

त्या दुपारी चारला कार्यक्रम सुरू झाला आणि तिसऱ्याच गाण्यात तो चुकला. गाणारी ताई एका ओळीवरून दुसरीवर जात होती, खालचा सूर यायला हवा तिथे आला नाही आणि ती अर्ध्या श्वासावर अडखळली. लोकांना वाटलं गळा भरून आला. टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर ताईने त्याला आत बोलावलं. बँड तिचा होता. वयाने ती त्याच्याहून लहान, त्याला दादा म्हणायची, पण तोही तिला ताईच म्हणायचा. आरशासमोर बसून ती कानातलं काढत होती. कीबोर्डवाले मास्तर कोपऱ्यात अवघडून उभे होते.

"बस दादा."

"ताई, आजचं जरा—"

"आजचं नाही. गेल्या कित्येक महिन्यांचं."

"मिस्त्री बोलला?"

"कुणी कशाला बोलायला हवं? अकरा वर्षं तुझ्या सुरावर उभी राहून गातेय मी. पायाखालची फरशी हलली तर पायाला कळणार नाही?"

ताईने कानातलं डबीत ठेवलं. डबी बंद करायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

"दुसरा माणूस मी आणणार नाही," ती म्हणाली. "मला तूच हवास. मास्तरांनी एक मार्ग सांगितलाय."

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "तुम्ही फक्त एकेक सूर वाजवायचा. मी तो कीबोर्डमध्ये भरून घेतो. मग माझ्या डाव्या हाताखाली तुमचाच आवाज. कुठल्या मशीनमध्ये नाही हो तसा आवाज, खरंच सांगतो."

"आणि मी?"

मास्तरांनी ताईकडे पाहिलं.

"तू नेहमीच्या जागी उभं राहायचंस," ताई म्हणाली. "बेस घेऊन. आवाज बंद ठेवून. लोकांना पाच माणसं बघायची सवय झालीय, दादा. मलाही झालीय." मग तिचा आवाज उतरला. "नको असेल तर सांग. मी रागावणार नाही. मंगळवारपर्यंत विचार कर."

घरी बायकोने दार उघडलं आणि त्याचं तोंड बघूनच पाणी आणायला गेली. पेला रिकामा होईपर्यंत त्याने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे नुसतं उभं राहायचं?" ती म्हणाली.

"हं."

"काही जायचं नाही. तुम्ही काय दुकानातला पुतळा आहात?"

"मग काय करू? सकाळी उठून काय करू ते तरी सांग."

एका कचेरीत आवक-जावक बघण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. ती म्हणाली, "आमच्याकडे तर निम्मे लोक आवाज बंद करूनच बसलेत. कुणाला पत्ता नाही."

त्याला हसू फुटलं. खूप दिवसांनी तो पोटापासून हसला. तीही हसली. मग तिचं हसणं थांबलं तरी त्याचं थांबेना. तो उठून मोरीत गेला आणि त्याने नळ सोडला. ती दाराबाहेर उभी राहिली. बराच वेळ नुसता नळाचा आवाज येत होता.

मंगळवारी दहाच्या ठोक्याला तो मास्तरांकडे पोचला. खोलीच्या भिंतींना जाड रजया लावल्या होत्या. "एका वेळी एकच सूर," मास्तर म्हणाले. "पूर्ण विरेपर्यंत हलायचं नाही. आधी हलका, मग मध्यम, मग जोरात."

एका सुराला एक बोट पुरतं. पहिलं बोट अजून इमानदार होतं. चार तारा, प्रत्येक तारेवरची प्रत्येक जागा, हलकी, मध्यम, जोराची. प्रत्येक सूर विरताना दोघेही श्वास रोखून बसायचे. बाहेर कुणी गाडी चालू केली की तो सूर पुन्हा. एक वाजेपर्यंत सगळं झालं.

मास्तरांनी कीबोर्डची एक पट्टी दाबली. खर्जच्या अंगावर काटा आला. तो त्याचाच आवाज होता. तारेला बोट लागताना होणारी बारीक खरखरसुद्धा त्याचीच.

"वा!" मास्तर खेळणं मिळाल्यासारखे उसळले. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पट्टीवरचा हात घाईने काढून घेतला.

"एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो मी," खर्ज म्हणाला. "ते कसं करणार?"

"ते मशीन करेल."

"तसंच?"

"जवळपास."

रविवारी अकराला साउंड चेक होता. त्याने बेस खांद्याला लावला आणि आपल्या जागी उभा राहिला. मिस्त्रीने आधी ड्रमचा आवाज घेतला. एकेक ढोल पन्नास वेळा वाजवून घेतला. ड्रम झाले आणि मिस्त्री थांबला. माइक चालू होता; त्याचा श्वास स्पीकरमधून सगळ्या हॉलभर ऐकू येत होता.

"मास्तर," तो अखेर म्हणाला, "डावा हात."

मास्तरांनी वाजवायला सुरुवात केली. खर्जने बेस उतरवला, स्टँडवर ठेवला आणि पायऱ्या उतरून तो खाली गेला. कुठे जायचं हे ठरवलं नव्हतं. चालत चालत तो खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेपाशी पोचला आणि बसला. सव्वीस वर्षांत साउंड चेकच्या वेळी तो कधी या बाजूला आला नव्हता. स्टेजवर आपला आवाज मागच्या स्पीकरच्या खोक्यातून कानावर आदळतो, तेवढाच त्याला ठाऊक. समोर बसणाऱ्याला आपण कसे ऐकू येतो, हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

आता आवाज खुर्चीच्या पायांतून वर चढत होता. छातीत शिरत होता, गोल, उबदार, घाई नसलेला. ताई माइकपाशी येऊन दोन ओळी गायली आणि त्या आवाजाने तिला अलगद झेललं.

चांगला वाजवत होतो की मी, त्याच्या मनात आलं. चांगलाच वाजवत होतो.

मिस्त्रीचं टेबल चार हातांवर होतं. त्याने वळून पाहिलं आणि विचारलं, "बेस जास्त होतोय का रे?"

"नाही," खर्ज म्हणाला. "राहू दे."

दुपारी कार्यक्रम झाला. आवाजाचं बटण शून्यावर ठेवून तो दोन तास उभा राहिला. मास्तरांच्या खांद्याकडे बघून हात हलवत होता, कारण सूर आता तिकडून यायचा आणि त्याने मागून जायचं. मास्तर एकदोनदा वेगळ्याच वाटेने गेले, तेव्हा तो पाठ वळवून तारा लावायचं नाटक करत राहिला. ताई तिसऱ्या गाण्यात त्या जागी आली. अडखळली नाही. फार सुंदर गायली. लोक उभे राहिले.

सगळे पांगल्यावर तो बेस पेटीत ठेवत होता, तेव्हा एक गृहस्थ स्टेजपाशी आले. पासष्टीचे असतील, हातात काठी, मागे त्यांची बायको.

"तुम्हालाच भेटायचं होतं," ते म्हणाले. "तुमचा एकही कार्यक्रम मी चुकवत नाही. मुद्दाम या बाजूची खुर्ची धरतो. लोक गाणं ऐकतात हो, मी तुम्हाला ऐकतो."

"वेड आहे त्यांना," बायको कौतुकाने म्हणाली. "घरी टेबलावर बोटं वाजवत बसतात."

सव्वीस वर्षांत असं कुणी येऊन बोललं नव्हतं. खर्जने तोंड उघडलं. खरं ते सांगून टाकावं असं त्याला वाटलं. ते शब्द ओठांपर्यंत आलेही.

"आणि आज तर काय वाजवलंत!" गृहस्थ म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "आजच्यासारखं कधीच नाही."

"थँक यू," खर्ज म्हणाला.

"एक फोटो घेऊ का? गळ्यात बेस घालून?"

त्याने पेटी उघडली, बेस काढला, पट्टा खांद्यावर घेतला. बायकोने मोबाइल वर धरला आणि गृहस्थ त्याच्या शेजारी काठी सावरत ताठ उभे राहिले.

"बोटं तारांवर ठेवा ना," बायको म्हणाली. "वाजवताना ठेवता तशी."

त्याने डावा हात उचलून बेसच्या मानेवर नेला. दोन बोटं तारांवर टेकली. दोन आत वळली. "एक मिनिट हं," तो म्हणाला. उजव्या हाताने त्याने तिसरं बोट धरून सरळ केलं आणि तारेवर ठेवलं. मग चौथं. तो त्यांना तसाच दाबून धरून उभा राहिला.

"उजवा हात जरा बाजूला घ्या," ती म्हणाली. "डावा दिसत नाहीये."